बिजलीबाईंचा नकार

बिजलीबाईंनी मला कधी नाही म्हटलं नव्हतं. नाही मीच लिहिलं, तेही तीन वेळा, आणि तिन्ही वेळा त्यांच्याच अंगणात बसून, त्यांच्याच हातचा चहा पिऊन.

मी उर्वशी, दारव्ह्याची. हृदयरोगाच्या एका मोठ्या अभ्यासात गावोगाव फिरून बीपी मोजायचं काम करते, त्याला आता पाच वर्षं होतील. अभ्यासाचा हेतू कागदावर फार सुरेख लिहिलेला आहे. ज्यांच्यापर्यंत हृदयाचा डॉक्टर कधी पोचत नाही त्यांच्यापर्यंत पोचायचं, आणि गावालाच सोबत घेऊन पोचायचं. चाळीस गावं आणि तांडे आमच्या वाट्याला. तिशीच्या वरच्या प्रत्येक माणसाचा दाब मोजून टॅबमध्ये भरायचा. जास्त निघाला की उपकेंद्रातून गोळी सुरू, आणि दर महिन्याला पुन्हा मोजणी. गोळी फुकट, मोजणं फुकट, माझ्या चपला तेवढ्या झिजतात.

बिजलीबाईंचा तांडा दारव्ह्याहून फाट्यापर्यंत जीपने आणि फाट्यापासून पुढे पायी. पहिल्या दिवशी एकही माणूस दारात आला नाही. मशीन लावलं की रक्त ओढून घेते, आकडा जास्त निघाला की रेशन बंद होते, असं कुणीतरी माझ्या आधीच तिथे पोचवलं होतं. अशा बातम्यांना जीप लागत नाही. मी पिंपळाखाली बसून एकेका नावापुढे ‘घरी नाही’ भरत होते, तेव्हा एक उंच, हाडापेराने मजबूत बाई हातात सूप घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"काय लिव्हून राह्यली वो?"

"घरी कोणी नाही असं."

"एवढे लोकं डोकावून राह्यले अन् घरी कोनी नाई? खोटं कायले लिव्हतं? चाल माह्या आंगनात."

त्या बिजलीबाई. धावजी राठोडांच्या घरच्या, वय साठ-पासष्ट. सगळा तांडा त्यांना याडी म्हणायचा, म्हणजे आई. दुसऱ्या दिवसापासून मीही म्हणायला लागले. पहिल्या भेटीत आडनाव न विचारणारी माणसं मला आयुष्यात फार भेटलेली नाहीत. त्यांनी विचारलं ते एवढंच, "जेवली काय?"

मोजणीचे नियम मी त्यांना एकदा सांगितले आणि माझी सत्ता गेली. दोन दिवस त्यांच्या अंगणात रांग होती आणि रांगेवर त्यांचा पहारा होता. "चहा पिऊन आला काय? मंग अर्धा घंटा बस." "बिडी ओढली? घरी जाय, उद्या ये." "पाय खाली टेकव, मांडी घालून नोको बसू." आमच्या ट्रेनिंगमध्ये जे तीन दिवस शिकवूनही निम्म्यांना येत नाही, ते या बाईला एका सकाळी पाठ झालं. धावजीकाका मशीन चालू असताना बोलायला लागले तर त्यांनी डोळे वटारले. "तोंड बंद ठेवा. आकडा बिघडते."

"लगन झालं तवापासून बंदच ठेवून राह्यलो," काका म्हणाले. सगळं अंगण हसलं, आणि तो आकडा खरंच पुन्हा घ्यावा लागला.

काकांचा दाब जास्त निघाला. गोळी सुरू झाली. ती गोळी बिजलीबाई रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्यांच्या तळहातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत उभ्या राहायच्या. सहा महिन्यांत काकांचा आकडा जागेवर आला. आमच्या सगळ्या चाळीस गावांत गोळी न चुकवणारा असा दुसरा माणूस नव्हता. त्याचं श्रेय ऑफिसने मला दिलं आणि मी ते घेतलं.

त्या दुसऱ्या दिवशी, रांग संपल्यावर, बिजलीबाई स्वतः माझ्यासमोर बसल्या होत्या. हात पुढे केला. मी दंडाला गुंडाळायचा मशीनचा पट्टा, कफ, उचलला आणि तसाच धरून राहिले.

मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. त्यांचं एक वेळ सोडा. कोपरापासून थेट खांद्यापर्यंत पांढऱ्या, रुंद बांगड्यांची चळत, एकीला एक चिकटून. तांड्यातल्या जुन्या बाया त्यांना बलिया म्हणतात. लग्नात चढवतात, पुढे हात भरत जातो आणि त्या हाताचाच भाग होऊन बसतात. माझी दोन बोटंही आत जाईनात, वीतभर रुंदीचा कफ कुठून जाणार?

"याडी, वरच्या काढता येतील काय? पाच मिनिटं फक्त."

आजूबाजूच्या बाया बोलता बोलता थांबल्या. बिजलीबाई मात्र हसल्या आणि त्यांनी ओसरीवरच्या काकांना हाक मारली. "आयकलं काय? हे पोरगी म्हन्ते, पाच मिनिटं मरून दाखवा."

"मराले माह्यी ना नाई," काका म्हणाले. "पन मंग उठवन कोन?"

हसण्यावारी गेलं, पण मला समजायचं ते समजलं. कोपराखालच्या बांगड्या फुटतात, बदलतात. कोपरावरच्या उतरतात त्या नवरा गेल्यावरच, आणि त्या उतरवायला सगळा तांडा रडत येतो. नवऱ्याच्या जिवंतपणी तो हात मोकळा करणं म्हणजे त्याच्या मरणाची तयारी करणं. मी माघार घेतली. तांड्यात तशा अकरा बाया होत्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. त्यांच्या सुना-लेकींच्या हातात असलं काही नाही, त्या साडी-गाऊनमधल्या. त्यांचं सगळ्यांचं मोजून झालं होतं.

टॅबमध्ये तीनच पर्याय होते. मोजला. घरी नाही. नकार.

‘घरी नाही’ लिहिलं की पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं, फाट्यापासून पुन्हा पायी, आणि पुन्हा तेच. ‘नकार’ तीन भेटींत तीनदा आला की नाव करडं होतं आणि यादीतून जातं, कारण लोकांना छळायचं नाही असा नियम आहे. चांगला नियम आहे. मी ‘नकार’ दाबलं. ऊन होतं, जीप चुकणार होती, दिवसाला तीस घरं पूर्ण करायची होती. ही कारणं खरीच आहेत. पण मी ती इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत की आता मलाच त्यांचा कंटाळा येतो.

यवतमाळच्या ऑफिसात अश्वजित सर आमचं काम बघतात. मी त्यांना विचारलं होतं, दाब पायावर घेता येत नाही का? ते म्हणाले, "येतो. पण त्याला वेगळा कफ लागतो, आणि पायाचा आकडा आपल्या प्रोटोकॉलमध्ये नाही. वर लिहून परवानगी मागावी लागेल." मी बरं म्हटलं. त्यांना काम होतं, मला काम होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या भेटीत बिजलीबाईंनी कपाळ पदराने करकचून बांधलं होतं. "माह्यं बी मोज ना वो एकदा. सकाळी सकाळी डोकं लई भनभनते." मी म्हटलं, उपकेंद्रात दाखवा. त्या म्हणाल्या, गेलती, तिथल्या बाईचं मशीन बी हातात नाई जात, डोक्याची गोळी देल्ली. मी मान हलवली आणि टॅबवर त्यांच्या नावापुढे दुसऱ्यांदा ‘नकार’ भरला. तिसऱ्या भेटीत त्यांनी मोजायला सांगितलंही नाही. चहा केला, माझ्या आईची चौकशी केली. नाव करडं झालं.

मागच्या वर्षी यवतमाळला अभ्यासाची वार्षिक सभा झाली. गावांना सोबत घेतल्याचा पुरावा म्हणून प्रत्येक तालुक्यातून एक माणूस मंचावर बसवायचा होता, आणि आमच्या बाजूने बिजलीबाई आल्या. आरशांची कांचोळी, घागरा, दोन्ही हात खांद्यापर्यंत भरलेले. त्यांना गुलाबाचं फूल दिलं. फोटो काढले. मग पडद्यावर रंगीत खांब आले आणि बाहेरून आलेले डॉक्टर बोलायला लागले. तांड्यांतल्या ज्येष्ठ महिलांमध्ये नकाराचं प्रमाण सर्वांत जास्त आहे, तिथे जनजागृतीची गरज आहे. लाल खांब सगळ्यांत उंच होता. जिने दोन दिवस उभं राहून सगळ्या तांड्याची मोजणी करून दिली ती बाई त्या खांबाच्या बरोबर खाली, हातात फूल धरून बसली होती.

जेवणाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "आपल्या तांड्याचं काय लिव्हलं होतं वो तिथं? लाल लाल?"

"चांगलं लिहिलं आहे, याडी."

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि जिलेबी कागदात बांधून घेतली, काकांसाठी. माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. दात काढल्यावर ओठ असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तसं काहीतरी झालं होतं.

यंदा माघात, तुरीचा भुसा उडवता उडवता त्या अंगणात पडल्या. त्यांची सून राखी हिने आधी मला फोन लावला, मग ॲम्ब्युलन्सला, कारण तांड्याच्या लेखी दवाखान्याची बाई मीच. "याडीचं तोंड वाकडं झालं. बोलून नाई राह्यली." मी दारव्ह्यात त्याच गाडीत चढले. उजवा हात, उजवा पाय निपचित. काका पायथ्याशी बसले होते आणि त्यांच्या धोतरावर तुरीचा भुसा तसाच होता.

यवतमाळच्या दवाखान्यात नर्सने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि कटर मागवलं. तिचं काही चुकलं नाही. सलाईन लावायचं होतं, दाब घ्यायचा होता, वेळ नव्हता. काका केसपेपर काढायला खिडकीशी रांगेत होते. मी तिथेच उभी होते. मी थांबा म्हटलं नाही, आणि म्हणायलाही नको होतं. एक एक बांगडी कट्‌ आवाज करून तुटत होती. दोन मिनिटांत दोन्ही हात मोकळे. ज्यावाचून माझं चार वर्षं अडलं होतं ते दोन मिनिटांत झालं.

वरचा दोनशे अठ्ठावीस. खालचा एकशे तीस.

सवयीने मी टॅब काढला. नाव करडं होतं, उघडलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव आहे, आणि हृदयही मोठं झालेलं आहे. "हे आजचं नाही. वर्षानुवर्षांचा दाब आहे. गोळी सुरू नव्हती का?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, याचं उत्तर मला माहीत असेल. मला माहीत होतं. मी म्हटलं, "नाही, सुरू नव्हती."

नर्सने बांगड्यांचे तुकडे प्लास्टिकच्या थैलीत भरून काकांच्या हातात दिले. काका थैली धरून व्हरांड्यात कितीतरी वेळ उभे होते. "हे घरी नेलं तर तांडा रडाले बसन," ते म्हणाले. "मी जित्ता हाओ ना वो." दवाखान्याच्या कुंपणापाशी एक कडुनिंब आहे. त्याच्या बुंध्याशी त्यांनी ती थैली ठेवली आणि परत आले.

तिसऱ्या दिवशी बिजलीबाईंनी डोळे नीट उघडले. मी आणि राखी जवळ होतो, काका औषध आणायला खाली गेले होते. त्यांची नजर छतावर फिरली, माझ्यावर आली, मग स्वतःच्या डाव्या हातावर गेली. खांद्यापासून कोपरापर्यंत फिकट कातडी, पन्नास वर्षांत ऊन न लागलेली. त्यांनी बराच वेळ ती पाहिली. मग मान वळवून उजवा हात पाहिला. मग डोळे मिटले. राखीने चमच्याने पाणी लावलं तर ओठ घट्ट. मला वाटलं, थकल्या असतील. राखीला माझ्याआधी कळलं. तिने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "तिले वाटून राह्यलं, बा गेला."

मी जिन्याने धावत गेले आणि काकांना घेऊन आले. राखीने त्यांना दारातच सांगितलं. काका पलंगाशी उभे राहिले. बिजलीबाईंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली. ज्याचं असणं आता शक्य नाही असं काहीतरी दिसल्यावर माणूस काढून घेईल तशी. काका त्यांना समजावत बसले नाहीत. स्टुलावर टेकले, राखीचा चहाचा कप जवळ ओढला, खिशातून बिस्किटांचा पुडा काढला आणि खायला लागले. एक संपलं, दुसरं घेतलं. दुसरं चहात बुडवलं, ते तुटून पडलं, बोटाने काढून खाल्लं. बोटं धोतराला पुसली. बिजलीबाई आता बघत होत्या. तिसऱ्या बिस्किटाला त्यांच्या घशातून एक आवाज आला, आणि त्यांनी पाण्यासाठी तोंड उघडलं.

वीस दिवसांनी त्यांना घरी नेलं. त्याच आठवड्यात मी अश्वजित सरांसमोर बसले आणि अकरा नावं सांगितली. कुणीही नकार दिला नव्हता, मी लिहिला होता. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी पण तुला एकदाच उत्तर दिलं," ते म्हणाले, "आणि विसरून गेलो." त्यांनी तिथल्या तिथे वर पत्र लिहिलं, पायाच्या कफसाठी, टॅबमध्ये चौथ्या पर्यायासाठी, आणि तांड्याच्या बायांना विचारल्याशिवाय यापुढे त्यांच्याबद्दल निष्कर्ष काढू नये म्हणून. पत्रावर माझी सही घेतली आणि अकरा नावं पुन्हा उघडली. मी उठले तेव्हा म्हणाले, "परवानगीला महिने लागतील. पण बिजलीबाईंचा हात आता मोकळा आहे ना? त्यांचं तरी मोजून घे. आकडा पाहूनच गोळी कमी-जास्त करता येईल."

बरोबरच होतं ते. मी दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेले.

अंगणात बाया जमल्या होत्या. काकांनी दारव्ह्याच्या बाजारातून नव्या बलिया आणल्या होत्या, दोन्ही हातांच्या. बिजलीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, राखी त्यांच्या हाताला तेल चोळत होती. मी कफ काढला. "याडी, बांगड्या चढवायच्या आधी एकदा मोजू द्या. पाच मिनिटं." बोलल्यावर मला कळलं की पहिल्या वेळीही मी पाच मिनिटंच म्हटलं होतं.

त्यांनी चांगल्या हाताने मशीन बाजूला सारलं. जोरात नाही. ताट सारावं तसं.

"नाई," त्या म्हणाल्या. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होता. "पयले हे."

"हे चढवलं की मग जागाच राहत नाही, याडी."

"माहीत हाय."

काका पुढे आले. "मोजू दे ना वो तिले. मी कुठी चाललो? इथंच तं हाओ." त्यांना त्या आकड्याची किंमत माहीत होती, स्वतःच्या आकड्यावरून. "गोळी बरोबर बसन. मंग घाल किती बी."

बिजलीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. "मोकया हातानं नाई." मग तेल लावलेला हात राखीपुढे धरला.

पहिली बांगडी कोपरावरून सरकायला बराच वेळ लागला. मी टॅब उघडला. नाव आता काळं होतं. खाली तेच तीन पर्याय. मी ‘नकार’ दाबलं.

चैत्रात त्या गेल्या. झोपेतून उठल्याच नाहीत, हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही हात भरलेले होते, काका जिवंत होते, आणि तांड्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, नशीबवान होती. मी तिथे उभी होते आणि मला रडू आलं नाही. आता येईल, मग येईल, असं वाटत राहिलं.

पायाचा कफ जूनमध्ये आला. काकांनी स्वतःचं घर दिलं, गडीमाणसांना पिंपळाकडे पिटाळलं आणि दाराबाहेर पाठ करून बसले. उरलेल्या दहा बाया एकेक करून खाटेवर पालथ्या झोपल्या, एकमेकींना चिमटे काढत. दहातल्या सात जणींचा दाब जास्त निघाला. मी बाहेर येऊन काकांना सांगितलं.

"सात," ते म्हणाले. "तिचा धरला तं आठ."

सातही जणींच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या.

टॅबमध्ये चौथा पर्याय आल्यावर अश्वजित सरांनी मला जुन्या नोंदी दुरुस्त करायला बसवलं. अकरा बाया, प्रत्येकीच्या तीन भेटी. मी एकेक ‘नकार’ काढून ‘कफ बसला नाही’ भरत गेले, आणि प्रत्येक वेळी कारण म्हणून लिहिलं, नोंद करणाऱ्याची चूक. तेहतीस वेळा. दुपार त्यातच गेली. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले, यादी खालपर्यंत पाहिली आणि बोट ठेवलं.

"फाल्गुनातली एक राहिली बघ. बिजलीबाई राठोड, चौथी भेट."

"ती खरी आहे," मी म्हटलं. आणि तेव्हा मला रडू आलं.